न दुखणारा पाय

घरात जे रडते त्याच्याकडे आपण आधी धावतो. पाळण्यातले मूल रडले, कुकरची शिट्टी झाली, दूध उतू जायला आले, की हातातले काम टाकून आपण तिकडे वळतो. शरीराचेही तसेच आहे. दाढ ठणकली की दाताच्या डॉक्टरांची आठवण होते. पायात काटा मोडला की 'आई गं' म्हणून आपण जागच्या जागी खाली बसतो आणि सुई घेऊन तो काढतो. पण समजा, काटा मोडला आणि दुखलेच नाही तर? आपण चालतच राहू. दुसऱ्या दिवशीही चालू, आणि चौथ्या दिवशी पायपुसण्यावर डाग दिसला की 'हा कसला बाई डाग?' म्हणत पायपुसणे धुवायला टाकू!

मधुमेह जुना झालेल्या पुष्कळ माणसांच्या पायांचे नेमके असेच होते. पाय दुखत नाही, म्हणून तो ठीक आहे असे घरातले सगळे समजतात. आणि खरा धोका असतो तो त्या न दुखण्यातच.

मैत्रिणींनो, मी काही डॉक्टर नव्हे. बी. ए. झालेली, घर सांभाळून शाळेत अर्धवेळ मराठी शिकवणारी बाई आहे. पण सासूबाईंना मधुमेह होऊन अठरा वर्षे झाली. त्यांच्याबरोबर दवाखान्यात बसून बसून, प्रश्न विचारून विचारून आणि मिळेल ते वाचून या एका विषयात मी थोडीफार तयार झाले आहे. भात किती घ्यावा, आंबा चालतो का, यावर आपल्या बायकांत भरपूर बोलणे होते. कारल्याचा रस, मेथ्या, जांभळाच्या बियांची पूड यांवर तर भिशीच्या दुपारी परिसंवाद झडतात. पायांबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही.

आकडे ऐका. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्याप्रमाणे आपल्या देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि आणखी १३ कोटी ६० लाख त्याच्या उंबरठ्यावर आहेत. जगभरच्या अनुभवावरून असे दिसते की मधुमेह असलेल्या दर तीन ते पाच माणसांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी पायाला जखम होते. ज्या मधुमेहींचा पाय किंवा बोट कापावे लागते, त्यांतल्या १०० पैकी सुमारे ८५ जणांची सुरुवात अशा साध्या जखमेपासूनच झालेली असते. म्हणजे चप्पल चावली, नख कापताना कातडी गेली, पाय भाजला, एवढ्याशा कारणापासून. तेव्हा हे दुखणे घरात सुरू होते, आणि पुष्कळदा घरातच थांबवता येते.

पायाचे होते तरी काय?

रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली की मज्जातंतू हळूहळू निकामी होतात. जो तंतू जितका लांब तितका तो आधी बिघडतो. म्हणून पायाच्या बोटांपासून सुरुवात होऊन बधिरपणा मोजा चढवावा तसा वर वर चढत जातो. याच तंतूंवर घामाचेही काम असते. ते बंद पडले की कातडी कोरडी पडते, टाचांना भेगा पडतात आणि त्या भेगांतून जंतू आत शिरतात. पावलातले बारीक स्नायू दुबळे होऊन बोटे वाकडी होतात, चालताना सगळा भार चवड्यावर एकाच जागी येतो, तिथे घट्टा पडतो आणि घट्ट्याखाली आतल्या आत जखम तयार होते. वरून सगळे टणक आणि ठाकठीक! त्यात पायाकडे येणाऱ्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असल्या तर जखम भरायला लागणारे रक्तही तिथवर पुरेसे पोचत नाही.

बधिर होण्याआधी, किंवा बधिरपणाच्या जोडीनेच, पुष्कळांच्या पायांची रात्री आग होते, मुंग्या येतात, पांघरूणसुद्धा टोचते. आपल्याकडे याला सरसकट 'उष्णता' म्हणायची पद्धत आहे. मग सब्जा भिजतो, तळव्यांना तूप लागते, काशाची वाटी बाहेर निघते. काशाच्या वाटीने बरे वाटते याला माझी हरकत नाही. आमच्याकडेही ती आहे. पण मधुमेही माणसाच्या पायांची आग ही बहुतेक वेळा उष्णता नसून बिघडत चाललेल्या तंतूंची तक्रार असते, ती डॉक्टरांच्या कानावर गेलीच पाहिजे. आणि वाटी फिरवल्यावर तळव्याला जे काळे लागते, त्याखाली बारीकशी जखम सहज झाकली जाते. म्हणून आधी तळवा नीट पाहायचा, मग हलक्या हाताने वाटी, आणि नंतर तळवा स्वच्छ पुसायचा. जाता जाता आणखी एक. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची नेहमीची गोळी वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ब-१२ जीवनसत्त्व कमी पडू शकते, आणि शाकाहारी घरांत ते मुळात बेताचेच असते. त्यानेही मुंग्या येतात. रक्त तपासले की कळते आणि त्यावर औषध आहे.

माझ्या नात्यातल्या एक मावशी लग्नघरी दिवसभर हौसेने वावरल्या. पंगती वाढल्या, विहिणींची ऊठबस केली. रात्री चप्पल काढायला गेल्या तर ती पायातून निघेना. मांडवाचा एक खिळा चपलेतून आरपार तळव्यात गेला होता. केव्हा, ते त्यांना सांगता येईना! खिळा काढला, धनुर्वाताचे इंजेक्शन घेतले, आणि आता काळजी नाही असे सगळ्यांनी ठरवले. आठ दिवस हळद भरून मावशी घरभर फिरत होत्या, कारण दुखत नव्हते. नवव्या दिवशी थंडी वाजून ताप आला. पुढे दोन बोटे काढावी लागली. धनुर्वाताचे इंजेक्शन हवेच, पण ते फक्त धनुर्वातापुरते असते. जखमेत पू होणे ते थांबवत नाही, हे त्या घरातल्या चार शिकल्यासवरलेल्या माणसांना ठाऊक नव्हते.

वेलोरची शिकवण

न दुखण्यामुळे पाय जातो, ही गोष्ट डॉक्टरांना ज्यांच्यामुळे नीट उमगली ते आपल्याच देशातले कुष्ठरोगी होते. पॉल ब्रँड नावाचे इंग्रज शल्यविशारद १९४६ साली वेलोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. त्यांचा जन्मही इकडचाच, तमिळनाडूतल्या कोल्ली टेकड्यांमधला. कुष्ठरोगात हातापायांची बोटे आपोआप सडून झडतात असा तेव्हा समज होता. ब्रँड यांनी रुग्णांवर बारीक नजर ठेवली तेव्हा त्यांना दिसले की बोटे आपोआप झडत नाहीत. दुखणे कळत नाही म्हणून ती माणसे तापलेले भांडे तसेच धरून ठेवतात, जखमेवरच चालत राहतात, आणि रात्री झोपेत उंदीर बोटे कुरतडतात तरी जागी होत नाहीत. यावर उपाय म्हणून घरी जाणाऱ्या रुग्णांबरोबर मांजर देण्यात येऊ लागले! तळव्यावरचा दाब कमी करणारी मऊ रबराची पादत्राणेही तिथे तयार झाली. १९६६ साली ब्रँड अमेरिकेतल्या कारव्हिल येथील कुष्ठरोग रुग्णालयात गेले आणि तिथे हीच शिकवण त्यांनी मधुमेहींच्या पायांना लावली. आज तुम्हांआम्हांला डॉक्टर ज्या 'एम. सी. आर.' चपला लिहून देतात, त्या मूळच्या या कुष्ठरोग्यांच्या चपला. काही बायका त्या कारणाने त्या घालायला लाजतात, हे मी स्वतः ऐकले आहे. लाजायचे कशाला? पाय वाचवणारी चप्पल आहे ती.

बोटाने करायची परीक्षा

पाय बधिर झाला आहे का, हे डॉक्टर नायलॉनच्या एका तंतूने पाहतात. तो तळव्यावर टेकवला की बरोबर १० ग्रॅम दाबाला वाकतो. तेवढे टेकणेही कळले नाही, तर पायाचे संरक्षण गेले असे समजतात. घरी हा तंतू नसला तरी आपले बोट आहे. इंग्लंडमधल्या इप्सविच येथील रुग्णालयाच्या डॉक्टरांनी २०११ साली एक सोपी परीक्षा प्रसिद्ध केली, ती अशी:

माणसाला आडवे होऊन डोळे मिटायला सांगा. आपल्या तर्जनीच्या टोकाने त्यांच्या पायाच्या बोटाच्या टोकाला अगदी पिसासारखा स्पर्श करा, एक-दोन सेकंद, बस्स. दाबायचे नाही, टिचकी मारायची नाही, घासायचे नाही. आधी उजव्या पायाचा अंगठा, मग उजवी करंगळी, मग डावा अंगठा, डावी करंगळी, त्यानंतर उजवे मधले बोट आणि शेवटी डावे मधले. कळले की त्यांनी 'उजवा', 'डावा' म्हणायचे. नाही कळले तर पुन्हा लावून पाहायचे नाही. ते बोट चुकले असेच धरायचे. सहापैकी दोन किंवा जास्त बोटे चुकली, तर पाय बधिर झाला असण्याचा संभव मोठा, आणि लवकर डॉक्टरांना दाखवायला हवे. सासूबाईंची ही परीक्षा प्रथम घेतली तेव्हा त्या मिटल्या डोळ्यांनी स्वस्थ पडून होत्या. चार बोटे झाल्यावर म्हणाल्या, "अगं, सुरू कर ना!"

तेव्हापासून आमच्याकडे रोज रात्री पाय पाहिले जातात. तुम्हीही एक वेळ ठरवून टाका. जेवणे झाल्यावर, मालिका लागायच्या आधी ही वेळ मला बरी वाटते. उजेड चांगला हवा. तळवा, टाच, चवडा, अंगठ्याच्या हाडाची बाहेरची बाजू, नखांच्या कडा आणि बोटांच्या बेचक्या पाहायच्या. लाली, फोड, ओल, चीर, घट्ट्याखाली काळसर डाग, काहीही नवे दिसले तर ते लक्षात ठेवायचे. हाताच्या पालथ्या बाजूने दोन्ही पाय चाचपायचे. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागत असेल तर त्या जागी आत काहीतरी शिजते आहे. एकटे राहणाऱ्यांनी जमिनीवर हातआरसा ठेवून त्यात तळवा पाहावा. ज्यांना वाकवत नाही किंवा ज्यांची नजर अधू आहे (मधुमेहात दोन्ही एकदम असते) त्यांनी शेजारणीला मोबाइलवर तळव्याचा फोटो काढायला सांगावे आणि मुला-मुलीला पाठवावा. परगावी, परदेशी असलेल्या मुलांना रोज 'जेवलात का?' एवढेच विचारण्यापेक्षा हे बरे काम आहे.

आता यात एक अडचण आहे, ती तुमच्या लगेच ध्यानात आली असेल. वडीलधाऱ्यांना आपले पाय सुनेपुढे धरायला संकोच वाटतो. सासऱ्यांना तर फारच. दिवाळीला, निघताना, येताना आपण त्यांच्या पाया पडतो खऱ्या, पण तेव्हा पावले वरून दिसतात, आणि जखम असते तळव्याला. तिथे हट्ट करू नये. हे काम मुलाकडे द्यावे. पुरुषांना घरातले एक काम नेमून द्यायला ही चांगली संधी आहे! नातवंडे तर हौसेने करतात. आमचा धाकटा आजीच्या पायांचा 'रिपोर्ट' वहीत लिहितो.

आणि तुमच्या स्वतःच्या पायांचे काय? सासूबाईंची साखर दर महिन्याला तपासणाऱ्या कितीतरी जणींनी स्वतःची एकदाही तपासलेली नसते. बाळंतपणात साखर वाढली होती, पुढे उतरली, विषय संपला, असे ज्यांचे झाले असेल त्यांनी तर वर्षातून एकदा रक्त तपासलेच पाहिजे. त्यांना पुढे मधुमेह होण्याचा संभव इतरांहून बराच जास्त असतो.

घरातलेच वैरी

सगळ्यांत मोठा वैरी म्हणजे गरम पाणी. 'पाय दुखतात, जरा मिठाच्या कढत पाण्यात सोडून बसा' हा आपला घरोघरचा सल्ला. बधिर पायाला कढत आणि कोमट यांतला फरक कळत नाही. पाण्यातून पाय काढल्यावर फोड आलेले दिसतात, तेव्हा उशीर झालेला असतो. पाय कोमट पाण्याने धुवावेत, आणि पाणी आधी हाताच्या कोपराने पाहावे. शेकण्याची रबरी पिशवी, तव्यावर गरम केलेले फडके, शेगडीजवळ पाय करून बसणे, हे सगळे वर्ज्य. स्कूटरवर मागे बसताना सायलेन्सरला पाय लागत नाही ना, तेही पाहावे.

दुसरा वैरी अनवाणी चालणे, आणि इथे मला जपून लिहायला हवे, कारण प्रश्न श्रद्धेचा आहे. भर दुपारी तापलेल्या फरशीवरून प्रदक्षिणा घालून तळव्याची सालपटे निघालेली माणसे दवाखान्यात येतात. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहण्याचे व्रत पुष्कळ जणी धरतात. आळंदीहून पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, ते वारीत चालणारे मधुमेही वारकरी तर हजारो असतील. माझे मत विचाराल तर, पाय बधिर झालेल्या बाईने अनवाणी व्रत धरू नये. दुसरे कोणतेही धरावे. देवळात सकाळी लवकर जावे, प्रदक्षिणा जाड मोजे घालून घालावी. वारीला जाणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून, सवयीचे बूट घालून जावे, आणि मुक्कामाला पोचल्यावर इतर काही करण्याआधी पाय पाहावेत.

कुरुपे आणि घट्टे घरी ब्लेडने तासू नयेत. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या कुरुपाच्या पट्ट्यांत आम्ल असते, ते चांगली कातडीही जाळते. आठवडी बाजारात कुरूप काढून देणारे बसतात, त्यांच्यापुढे तर पाय ठेवूच नये. वजरीने खसाखसा घासणेही आता पुरे. टाचांच्या भेगांना खोबरेल तेल, व्हॅसलीन, किंवा कोकणात मुठेल म्हणतात ते कोकमाचे तेल उत्तम. पण मुठेल वितळवून गरम गरम भेगेत सोडायची जी पद्धत आहे, ती बधिर पायाला चालायची नाही, निववून चोळावे. आणि कोणतेही तेल बोटांच्या बेचक्यांत लावू नये, तिथे ओल राहते. पावसाळ्यात आणि धुण्याभांड्यांच्या कामात बेचक्यांत चिखल्या होतात, त्या नुसत्या खाजेपुरत्या नसतात. जंतूंना आत जायला तो उघडा दरवाजाच. म्हणून आंघोळीनंतर प्रत्येक बेचकी जुन्या मऊ सुती कापडाने टिपून कोरडी करायची.

जोडव्यांबद्दल लिहू की नको असा विचार करत होते. पण लिहितेच. पायाला सूज आली की जोडवे बोटात रुतते, आणि दुखत नसल्याने ते रुतलेले कळत नाही. सूज असेल, बोटाला जखम असेल, तर जोडवी काढून ठेवावीत. सैल, उघड्या तोंडाची, कडा गुळगुळीत असलेली जोडवी बरी. कोणी काही म्हणेल याची भीती वाटत असेल तर डॉक्टरांचे नाव सांगा. सुनेचे कोणी ऐकत नाही, डॉक्टरांचे ऐकतात.

उंदरांची गोष्ट वेलोरपुरती समजू नका. जमिनीवर अंथरूण घालून झोपणाऱ्या मधुमेही माणसांना आजही उंदीर चावतात. खाटेवर झोपावे, मच्छरदाणी नीट खोचावी, पायांवर मोजे चढवावेत. आणि हो, मिश्री! विडी-सिगारेट पायाच्या रक्तवाहिन्या आखडते हे सगळ्यांना पटते. पण तंबाखू भाजून केलेल्या मिश्रीतही निकोटीनच असते, हे ऐकवले की सकाळी दोनदा दात घासणाऱ्या आजीबाई कानावर हात ठेवतात.

चपलांविषयी थोडक्यात सांगते. घरातही पायात सपाता हव्यात, कारण बहुतेक लहानसहान इजा घरातच होतात. अंगठ्याची चप्पल बेचकीत घासते आणि बधिर पायातून नकळत निसटून मागे राहते, म्हणून मागे पट्टा असलेली, पुढे रुंद, आत मऊ आणि खाली टणक अशी चप्पल घ्यावी. खरेदी संध्याकाळी करावी, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. घरून निघताना कागदावर उभे राहून पावलाची आकृती काढून न्यावी. कागद चपलेवर ठेवला आणि बाहेर डोकावला तर ती चप्पल आपली नव्हे. 'वापरून वापरून सैल होईल' हे दुकानदाराचे म्हणणे मधुमेहीला लागू नाही. आणि पायात घालण्याआधी प्रत्येक वेळी उलटी करून झटकावी. आमच्याकडे आजवर चिंचोका, शर्टाचे बटण आणि खेळण्यातल्या मोटारीचे एक चाक निघाले आहे.

जखम झाल्यावर

आधी स्वतःचे हात साबणाने धुवा. जखम पिण्याच्या स्वच्छ पाण्याने किंवा औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या सलाइनने धार धरून धुवा. निर्जंतुक गॉजने झाका आणि पट्टी सैलसर बांधा. चिकटपट्टी थेट कातडीवर ओढून लावू नका, काढताना कातडी येते. आणि त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, डॉक्टरांना दाखवा. घरचे काम एवढेच.

हळद, चुना, कॉफीची पूड, टूथपेस्ट, राख, जखमेवर फोडून घातलेली कॅप्सूल, यांतले काहीही नको. या पुडांचा थर बसतो, त्याखाली पू साठतो आणि डॉक्टरांना जखमेचा तळ दिसत नाही. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा दाट डेटॉल ओतले की आपल्याला समाधान वाटते. पण भरून येऊ पाहणाऱ्या नव्या पेशीही त्यात मरतात. 'जखम उघडी ठेवा, वाऱ्याने सुकू द्या' हेही जुने झाले. जॉर्ज विंटर या संशोधकाने १९६२ साली दाखवून दिले की झाकून किंचित ओलसर ठेवलेली जखम सुकवलेल्या जखमेपेक्षा लवकर भरते. आजची मलमपट्टी त्याच तत्त्वावर चालते.

डॉक्टर मेलेली कातडी आणि आजूबाजूचा घट्टा कापून काढतात तेव्हा जखम आधीपेक्षा मोठी दिसू लागते. नातेवाईक घाबरतात, 'हे काय, वाढवूनच ठेवली!' म्हणून दुसरीकडे जातात. तसे करू नका. मेलेले काढल्याशिवाय जिवंत भरत नाही. जखम हाडापर्यंत गेली आहे का, पायात रक्त किती पोचते, हे मात्र डॉक्टरांना विचारा. घोट्याजवळचा रक्तदाब आणि डॉपलरची तपासणी त्यासाठीच असते. रक्त कमी पोचत असेल तर रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञाला दाखवून वाट मोकळी करता येते, आणि हे बोट कापण्याचा निर्णय होण्यापूर्वी झाले पाहिजे. दर आठवड्याला जखमेशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. चार आठवड्यांत जखम निम्म्यावर आली नाही तर उपचार बदलण्याविषयी बोला. तीच पट्टी, तेच मलम करत महिनोन्महिने घालवू नका.

या सगळ्यापेक्षा अवघड गोष्ट वेगळीच आहे. तळव्यावरची जखम भरायची तर तिच्यावर शरीराचा भार पडता कामा नये. त्यासाठी प्लास्टरसारखा साचा किंवा खास बूट देतात. तो आंघोळीपुरता, चहापुरता काढून ठेवायचा नसतो. रोज दहा वेळा उठून स्वयंपाकघरात चार पावले टाकली, तरी भरत आलेली जखम पुन्हा फाटते. आता घरच्या बाईला 'दोन महिने पाय टेकवू नका' असे सांगणे किती सोपे, आणि तिने ते पाळणे किती कठीण! पोळ्या कोण करणार? पाणी कोण भरणार? पुरुषाला जखम झाली तर घर त्याच्याभोवती फिरते; बाईला झाली तर ती पट्टी बांधून ओट्याशी उभी राहते. दुखत तर नसते! म्हणून डॉक्टर हे सांगतील तेव्हा नवऱ्याला किंवा मुलाला समोर बसवा, त्यांच्या कानांनी ऐकू द्या. पोळ्यांना बाई लावा, डबा लावा, नणंदेला, बहिणीला आठवडा आठवडा वाटून द्या. त्या महिन्यांत लागणारा पैसा हा औषधाचाच पैसा समजायचा. उंच स्टुलावर बसून भाजी चिरता येते, पण तेही पाय वर ठेवून. मी हे जरा जोरात लिहिते आहे खरी, पण चांगली औषधे मिळूनही जखम न भरण्याचे मोठे कारण हेच, असे मला दवाखान्याच्या बाकावर बसून बसून वाटू लागले आहे.

काही लक्षणे दिसली तर उद्यावर ढकलू नका, रात्र असली तरी निघा: जखमेभोवतीची लाली पसरत चालली, पाय सुजला, घाण वास आला, पू आला, कातडी निळी किंवा काळी पडली, थंडी-ताप आला, किंवा काही कारण नसता साखर एकाएकी भडकली. जखम मुळीच नाही, पण पाऊल लाल, गरम आणि सुजलेले आहे, दुखते मात्र थोडेच, असे असेल तरी त्याच दिवशी दाखवा. मुरगळले असेल म्हणून चोळत बसू नका. शार्को नावाच्या फ्रेंच डॉक्टरांच्या नावाने ओळखला जाणारा एक विकार आहे, त्यात बधिर पावलाची हाडे आतल्या आत मोडतात आणि माणूस त्यावर चालत राहतो. पाऊल मग होडीच्या तळासारखे बाक येऊन बसते. वेळीच चालणे बंद करून साच्यात ठेवले तर ते वाचते.

जखम भरली म्हणजे पेढे वाटा, पण वही बंद करू नका. भरलेल्या १०० जखमांतल्या सुमारे ४० वर्षाच्या आत पुन्हा उघडतात. भार पडण्याची ती जागा, तो बधिरपणा तसाच असतो ना. खास चपला घरातही घालायच्या. आतले मऊ रबर अंगठ्याने दाबून पाहायचे, ते चेपून बसले की चप्पल वरून कितीही नवी दिसो, बदलायची. ज्यांना कधीच जखम झाली नाही त्यांनीही वर्षातून एकदा डॉक्टरांकडून पाय तपासून घ्यावेत. बहुतेक दवाखान्यांत गर्दी असते, साखरेचा कागद पाहून गोळ्या लिहून होतात आणि पायांचा विषय निघतच नाही. आम्ही एक युक्ती करतो. नंबर जवळ आला की सासूबाईंच्या चपला, मोजे बाहेरच काढून माझ्या पिशवीत टाकते. पाय उघडे समोर दिसले की ते पाहिलेच जातात.